बसलेली बाई

आर्गिरोच्या डाव्या हाताची बोटं हलली आणि मेरोपीला आनंद झाला. तो आनंद आहे हे तिला लगेच समजलं नाही. लिफ्ट एकदम खाली जायला लागल्यावर होतं तसं पोटात हलकं झालं, एवढंच. ऊन टळटळीत होतं, अथेन्समधल्या जागतिक खेळांच्या उद्घाटनाची तालीम चालू होती. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर चुन्याने स्टेडियमचा आकार आखला होता, त्या रेषेवरून चित्ररथ एकामागून एक सरकत होते आणि कर्ण्यातून तालीम घेणाऱ्या दानाईचा आवाज येत होता, "दगड. दगड व्हा. दगडाला खाज सुटत नाही, स्त्रातिसमहाशय." सतराव्या चित्ररथावर एक जुनी थडग्याची शिळा उभी केली होती. म्हणजे शिळेची चौकट लाकडाची होती आणि तिच्यातली माणसं खरी होती. खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे मेलेली बायको, ती आर्गिरो. तिच्यासमोर उभा असलेला नवरा म्हणजे स्त्रातिस, जो एरवी ट्रॉलीबस चालवायचा. दोघांचे उजवे हात एकमेकांत, निरोपाचे. आर्गिरोचा डावा हात मांडीवर, उताणा. चित्ररथापासून दहा पावलांवर, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर मेरोपी बसली होती. तशीच, उजवा हात हवेत पुढे धरून, डावा मांडीवर उताणा ठेवून. ती राखीव होती.

प्रत्येक मूर्तीला एक राखीव माणूस होतं. मूर्ती आजारी पडली, तिला चक्कर आली, ती आलीच नाही, तर राखीव माणसाने चढून बसायचं. म्हणून सगळ्या तालमी राखीवांनाही होत्या, पोशाखही मापाने शिवले होते, फक्त चित्ररथ नव्हता. पहिल्या दिवशी दानाई म्हणाली होती, "तुमचं काम जास्त अवघड आहे. त्यांना बसायचंय. तुम्हाला बघायचंय, आणि बघून बसायचंय." तेव्हापासून मेरोपी बघत होती. आर्गिरोची मान किती कलते, खांदा कुठे येतो, नजर स्त्रातिसच्या तोंडाकडे न जाता त्याच्या दंडाच्या बाजूने पलीकडे कशी जाते. त्या जुन्या शिळांवरची माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, हेही दानाईनेच सांगितलं होतं. रडत तर कोणीच नाही. आणि आज, तिसऱ्या फेरीत, त्या उताण्या पंजातली दोन बोटं कोणी आतून दोरा ओढावा तशी हलली, थांबली, परत हलली. मेरोपीने आजूबाजूला पाहिलं. दानाई चाकांकडे बघत होती. स्त्रातिस आर्गिरोच्या डोक्यावरून पलीकडे. बाकी कोणी बघायचं कारणच नव्हतं. मेरोपीने नजर खाली वळवली आणि स्वतःच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. तो पावाच्या तुकड्यासारखा निवांत पडला होता.

घरी जाताना बसमध्ये ती त्या आनंदाला वेगवेगळी नावं देऊन पाहत होती. काळजी, असं म्हणून पाहिलं. बाई एकसष्ट वर्षांची, केरात्सिनीहून दोन बस बदलून येते, उन्हाने होत असेल. मग थकवा म्हणून पाहिलं, स्वतःचाच. कोणतंच नाव बसेना. किप्सेलीत उतरून, चार जिने चढून ती घरात आली, खिडकीवरची ताडपत्री खाली ओढली, कलिंगडाची फोड कापून त्यावर चीजचा तुकडा ठेवला आणि फोनजवळ बसली. मंगळवार होता. पूर्वी मुलीचा, आन्थीचा, फोन मेलबर्नहून फक्त रविवारी यायचा आणि सात मिनिटं चालायचा. सगळे बरे आहेत, तिकडे थंडी आहे, तुझ्या नातवाला, लिआमला, परत खोकला, तुझा रक्तदाब काय म्हणतो. आता या खेळांमुळे फोन आठवड्यातून तीनदा येत होता, तोही आन्थीचा आपणहून. आणि याला कारण मेरोपी होती. एप्रिलमध्ये ती म्हणून गेली होती, "मला घेतलंय. उद्घाटनाला मी चित्ररथावर असणार आहे." राखीव हा शब्द तिच्या तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात पलीकडे आन्थी किंचाळली, मग इंग्रजीत कोणाला तरी हाका मारू लागली, आणि तो शब्द तिथेच राहिला. त्यानंतर तो काढायला जागाच सापडली नाही. दर फोनला ती जागा आणखी अरुंद होत गेली.

एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, परदेशी ट्रंक कॉलवर. श्टुटगार्ट, टोरांटो, मेलबर्न. कानाला लावलेल्या त्या काळ्या वाट्यांमधून तिने किती बायकांना रडताना ऐकलं असेल. तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं, "वेळ झाली, पुढे चालू ठेवायचं का?" आणि रडणं क्षणभर थांबायचं, जणू भिंतच बोलली. त्या बायकांनी तिला कधी पाहिलं नाही. पाहायचं कारण नव्हतं. नवरा थ्रासोस म्हणायचा, तुझा आवाज घरातसुद्धा एक्स्चेंजमधलाच असतो. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज आता आपल्याला दिवसदिवस ऐकू येत नाही. एकदा बेकरीत पाव मागताना घसा बसल्यासारखा झाला होता, आणि घसा बसलेला नव्हता. चार दिवसांत ती कोणाशी बोलली नव्हती, एवढंच.

पोशाख चढवायची जागा म्हणजे जुन्या विमानतळाचं प्रस्थानाचं दालन. मूर्तींच्या अंगावरच्या कापडाला खळ लावून लावून चुण्या कडक केल्या होत्या. त्या एकमेकींवर घासल्या की पत्र्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा आत गेली तेव्हा मेरोपी दारातच थांबली होती. डावीकडून सहावी खिडकी. तिथे सामानाचा काटा होता. नऊ वर्षांपूर्वी आन्थी इथूनच गेली. त्या सकाळचं मेरोपीला सगळं आठवतं. काट्यावर तेवीस पूर्णांक चार असा आकडा आला. वीसच किलो चालायचे. मेरोपी गुडघ्यांवर बसली, बॅग उघडली, तेलाचा डबा काढला, मग मधाची बरणी, मग लोकरीचा मोठा स्वेटर काढून आन्थीच्या खांद्यावर टाकला, अंगात घालून जा म्हणाली, परत वजन केलं, वीस पूर्णांक एक, खिडकीतल्या बाईशी त्या पूर्णांक एकसाठी हुज्जत घातली आणि जिंकली. मग आन्थी गेली. काचेच्या दारातून जाताना तिने मागे वळून पाहिलं असेलच. मेरोपी तेव्हा तेलाचा डबा पिशवीत नीट बसवत होती. आकडे आठवतात, खिडकीतल्या बाईची जांभळी लिपस्टिक आठवते. आन्थीचं तोंड कसं होतं ते आठवत नाही. आता त्या सहाव्या खिडकीवर मुकुट मांडून ठेवलेले असायचे, आणि खळ लावलेल्या बाया तिथे रांगेत उभ्या राहायच्या.

जून संपला, जुलै लागला. बोटांचं हलणं मेरोपी रोज बघत होती. पहिल्या फेरीला ती शांत असायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीला सुरू व्हायची. आर्गिरो मधल्या सुटीत त्या हातात पाण्याची बाटली धरायची, नाहीतर तो मांडीखाली दाबून त्यावर बसायची आणि मोठमोठ्याने बोलायची. ती जन्मभर होड्यांची शिडं आणि दुकानांच्या ताडपत्र्या शिवत आली होती. "तुमच्या किप्सेलीतल्या निम्म्या खिडक्या माझ्या हातच्या असतील," ती म्हणायची. "टाके बघ, बारीक दिसले तर माझे." तिळाची कडक पावाची कडी ती दोन तुकडे करून आणायची, आणि मोठा तुकडा न विचारता मेरोपीच्या हातात द्यायची. ती विधवा नव्हती. नवऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी एका बोटीवर नोकरी धरली आणि उतरलाच नाही. मुलगा पात्रासला. मेरोपी हे सगळं ऐकायची आणि ऐकताना तिची नजर बाटलीकडे जायची, बाटलीतल्या पाण्याकडे. पाणी हलतंय का. आपण हे करतो आहोत हे तिला कळायचं. मग ती कडीचा घास घ्यायची आणि तो तोंडात लाकडाच्या भुशासारखा फिरायचा.

दिवस उरले बारा. सकाळी आन्थीचा फोन आला. "आई, नीट सांग. तू डावीकडून येणार की उजवीकडून?"

"डावीकडून. सतरावा चित्ररथ."

"आणि बसलेलीच ना? लिआमने वर्गात सांगितलंय. त्याच्या बाईंनी नकाशावर अथेन्सला टाचणी लावली. पहाटे चारचा गजर लावणार आहोत. शेजारचे पण येतायत, आई. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईला ओळखायला मला काही लागणार नाही. पांढरं फासा नाहीतर काळं."

"एवढ्या पहाटे मुलाला कशाला उठवतेस?"

"तुला बघायला," आन्थी म्हणाली. "सहा वर्षं झाली मी आले नाही तिकडे. बाबांच्या वेळी पण नाही. मला माहितेय तू ते बोलत नाहीस. निदान एवढं तरी."

फोन ठेवल्यावर मेरोपी बराच वेळ तिथेच बसली. आता शब्द काढायचा तर आत्ताच, हे तिला दिसत होतं. नंबर फिरवायचा आणि सांगायचं, अगं, मी राखीव आहे, मी तिथे नसेन, त्या मुलाला झोपू दे. सोपं वाक्य होतं. तिने रिसीव्हर उचललाही, आणि कानाशी तो एकसुरी आवाज ऐकत राहिली. तो आवाज तिला माणसांच्या आवाजापेक्षा ओळखीचा होता. मग रिसीव्हर ठेवून तिने टोपी घेतली आणि ती विमानतळावर गेली, नेहमीपेक्षा तासभर लवकर.

दानाई छत्रीखाली टेबलाशी याद्या घेऊन बसली होती, समोर बर्फ विरघळलेली फेसाळ कॉफी. तिशीची, केस कापलेली, आवाज कायम बसलेला. "या, मेरोपीबाई. लवकर आलात."

"आर्गिरोची तब्येत बरी नसावी," मेरोपी म्हणाली.

"का? आज येणार नाहीत का?"

"येईल. तिचा डावा हात. मांडीवरचा. बोटं हलतात."

दानाईने पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"जूनपासून."

"जूनपासून," दानाई म्हणाली. ती रागावली नाही. तिने नुसतं वर पाहिलं, उन्हामुळे डोळे बारीक करून. "आणि तुम्ही मला आज सांगताय."

"मला वाटलं, थांबेल."

ते खोटं नव्हतं. रोज तिला वाटायचं, थांबेल. आणि वाटताना भीती वाटायची. पण हे दुसरं दानाईला सांगण्यासारखं नव्हतं. दानाईने यादीवर काहीतरी छोटंसं लिहिलं. "मी बघते," ती म्हणाली, "कॅमेरा अगदी जवळून जाणार आहे तुमच्यावरून. म्हणजे, त्यांच्यावरून."

त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही फेऱ्यांना दानाई सतराव्या चित्ररथाच्या बाजूने चालत राहिली, हातात कर्णा असून न बोलता. मेरोपी आपल्या खुर्चीवर होती. तिला वाटत होतं की आज तरी बोटांनी शांत राहावं. अगदी मनापासून वाटत होतं, आणि तेवढ्यात बोटं हलताना तिने पाहिली, नेहमीपेक्षा जास्त, पाचही. फेरी संपल्यावर दानाईने वर चढून आर्गिरोच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी रिकाम्या धावपट्टीवर थोड्या लांब गेल्या. काही ऐकू आलं नाही. दानाई बोलत होती, आर्गिरो मान हलवत होती, दुकानदाराशी भाव ठरल्यासारखी. मग तिने डोक्यावरचा मुकुट स्वतःच काढला. त्याला आतून बावीस टाचण्या असायच्या, दोन बायकांना लागायचं तो काढायला. ती एकटीच काढत बसली, एका हाताने, आणि कोणी मदतीला गेलं नाही. मेरोपीलाही उठता आलं नाही. मुकुट घेऊन ती सरळ मेरोपीकडे आली. कपाळावर लाल वळ होता.

"मुकुटाखाली पातळ कापड घाल," ती म्हणाली. "मागून रुततो. आणि चढताना तिसऱ्या पायरीवर भार देऊ नकोस, ती हलते. सांगून थकले त्यांना."

"आर्गिरो, मी..."

"स्त्रातिसच्या हाताला घाम येतो. पावडर लाव." आणि ती दालनाकडे गेली. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मेरोपी पुढचे अकरा दिवस त्या थोड्या वाक्यांमधून शोधत राहिली.

चित्ररथावरून जग निराळं दिसेल असं तिला वाटलं होतं. निराळं काही नव्हतं, फक्त उंची होती आणि वारा. स्त्रातिसचा हात जाड, बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "तुमचा हात गार आहे. तिचा तापलेला असायचा." मग दोन फेऱ्या तो काही बोलला नाही. तिसऱ्या फेरीच्या आधी, घाम पुसताना तो म्हणाला, "आम्ही बोलायचो, माहितेय? ओठ न हलवता. सगळा वेळ. माझ्या सुनेचे एकूण एक प्रताप तिला पाठ आहेत. दानाईला कधी कळलं नाही." तो हसला आणि हसू लगेच गेलं. "आता नाही बोललो तर चालेल ना तुम्हाला? सवयीचं असतं हो ते."

"चालेल," मेरोपी म्हणाली.

दहा पावलांवरची प्लास्टिकची खुर्ची रिकामीच होती. राखीवाला राखीव ठेवलेलं नव्हतं. चित्ररथावर बसूनही आपल्याकडे कोणी बघत नाही, याची मेरोपीला सवय नव्हती. आर्गिरोला होती का? नाही, आर्गिरोकडे तर मी बघत होते, ती मनात म्हणाली, आणि त्या विचाराने तिला एकदम उकडलं.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांना दुपारी चारला रंगवायला घेतलं. दोन मुली ब्रशने मान, कान, पापण्या, नखं, सगळं पांढरं करत होत्या, थोडी करडी झाक देऊन, म्हणजे दगड जुना दिसावा. रंग वाळला तशी कातडी आवळली. आरशात पाहिलं तर मेरोपी तिथे नव्हती. तिथे एक बाई होती, बावीसशे वर्षांपूर्वी मेलेली, चांगल्या घरातली. तिला हायसं वाटलं. मग साडेपाच तास स्टेडियमखालच्या बोगद्यात, उभ्या उभ्या, कारण आधीच बसलं तर चुण्या मोडल्या असत्या. नळीने पाणी पाजत होते. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं. वरच्या काँक्रीटमधून सत्तर हजार माणसांचा आवाज येत होता, शब्द नसलेला, रात्री समुद्राकाठच्या घरात झोपल्यावर उशीतून येतो तसा. पुढे सोळा चित्ररथ. घोडे, खलाशी, डोक्यावर घागरी घेतलेल्या तरुण बाया, झेप घेणारी पोरं. सगळी पांढरी, गप्प, कोणी कोणाला ओळखत नसल्यासारखी. स्त्रातिसने डोळ्यांनीच विचारलं आणि तिने हात पुढे केला.

आणि मग चाकं हलली आणि उजेड झाला. इतका उजेड की तो दिसला नाही, कातडीला जाणवला. चार मिनिटं वीस सेकंद. तिने ठरवलं होतं की या वेळात आन्थीचा विचार करायचा. कुठल्यातरी कॅमेऱ्यातून आन्थी आत्ता माझ्याकडे बघते आहे, लिआम बघतो आहे, पहाटेच्या अंधारात, अंगावर पांघरुणं घेऊन. पण कॅमेरा कुठे आहे ते कळेना. स्त्रातिसच्या दंडापलीकडे, जिकडे बघायचं ठरलं होतं तिकडे, एक पोलादी खांब होता आणि त्यावर एक दिव्यांचा गठ्ठा. ती त्या खांबाकडे बघत होती. तिला वाटलं, हे लाखो, कोट्यवधी लोक म्हणतात ते खरंच कुठे आहेत? इथे तर एक खांब आहे. डावा हात मांडीवर उताणा होता. तो अजिबात हलत नव्हता. त्या न हलणाऱ्या हाताची तिला सारखी जाणीव होत होती. कोणीतरी आपल्या मांडीवर आणून ठेवल्यासारखा तो जड झाला होता. वळणाशी एकाएकी सगळं काळं झालं. दिवे घालवायचे ठरलं होतं का, ते तिला आठवेना. तिथे, त्या काळोखात, स्त्रातिसचे ओठ न हलता आवाज आला, "संपत आलं. धीर धर." बहुधा तो तिला म्हणाला. परत उजेड झाला, टाळ्या झाल्या, चित्ररथ दुसऱ्या तोंडाने बोगद्यात शिरला आणि कोणीतरी तिच्या काखेत हात घालून तिला खाली उतरवलं. तिसरी पायरी हलली.

सकाळी नऊला फोन. आन्थी रडत होती आणि हसत होती. "आई, मी पाहिलं तुला. पहिल्यांदा लिआमनेच ओळखलं, दॅट्स आजी, दॅट्स आजी करत नाचायला लागला. काय सुंदर दिसत होतीस. आणि ती घागर! डोक्यावर घागर घेऊन एवढा वेळ, मान जराशी पण हलली नाही. मी शेजारणीला म्हटलं, बघ, हीच, ही मान ओळखीची आहे माझ्या, मला ओरडताना अशीच ताठ असायची."

खिडकीत ताडपत्रीखालून एक उन्हाची पट्टी फरशीवर आली होती. मेरोपीच्या नखांच्या कडांना अजून पांढरा रंग होता.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय," मेरोपी म्हणाली. "घागर हलकी होती. आत काही नव्हतं."

"मला माहितेय गं, पण तरी."

मग ती जेवली, झोपली, उठली. दुकानात गेली तर बेकरीवाला म्हणाला, काल बघितलंत का, काय केलं आपल्या लोकांनी. ती हो म्हणाली. रविवार गेला. सोमवार गेला. शहरात सगळीकडे झेंडे आणि परकी माणसं होती, आणि रस्ते धुतलेले होते. तिला वाटत होतं की आपल्याला काहीतरी वाटायला हवं, निदान वाईट. तसं काही वाटत नव्हतं. फक्त बसल्या जागी उजवा हात आपोआप पुढे व्हायचा. बुधवारी सकाळी तिने बस घेतली, मग दुसरी, आणि केरात्सिनीत पत्ता विचारत विचारत आर्गिरोच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बरोबर काही नेलं नव्हतं. काय न्यायचं ते सुचलं नव्हतं.

तळमजल्यावरचं घर, दारात सब्ज्याची तीन डबडी. आर्गिरोने दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ये," म्हणाली. आत टीव्हीवर कुठलीतरी पोहण्याची शर्यत चालू होती, आवाज बंद करून. आर्गिरो आत गेली आणि गार पाण्याचा पेला घेऊन आली. परत आत गेली आणि चेरीच्या मुरांब्याची बशी घेऊन आली. मग परत गेली, चमचा आणला. तबक तिने घेतलं नाही, प्रत्येक वेळी एकच वस्तू, उजव्या हातात. मेरोपी तिन्ही वेळा जमिनीकडे बघत राहिली.

"खा. आणि आता बघितलंस तरी चालेल," आर्गिरो म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"अगं बाई, दोन महिने तू माझ्यासमोर बसली होतीस. स्त्रातिस माझ्या डोक्यावरून बघायचा. दानाई चाकं बघायची. पात्रासचा माझा पोरगा इस्टरला आठ दिवस राहून गेला, माझ्या हातची कोकराची तंगडी खाऊन गेला, त्याला हात दिसला नाही. तुला तालमीत हलला त्या पहिल्याच दिवशी दिसला. मला कळलं की तुला दिसला." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "रोज वाटायचं, आज सांगेल. तू सांगत नव्हतीस. कडी खायचीस आणि गप्प बसायचीस. मी म्हटलं, नाही सांगत म्हणजे चांगली बाई आहे. मग सांगितलंस."

"मुलीला मी आधीच सांगून बसले होते, की मी..."

"ते तुझं तू बघ," आर्गिरो म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माफी मागायला आली असशील तर नको मागूस. मला देता येईल की नाही मलाच माहीत नाही, उगाच दोघींची पंचाईत. कदाचित सगळ्या जगासमोर माझा हात थडथड उडाला असता. कदाचित त्या दिवशी गप्प बसला असता शहाण्यासारखा. आता कोणाला कळणार?"

पडद्यावर कोणीतरी जिंकलं. पाण्यातून हात वर आला.

"मी बघितलं त्या दिवशी," आर्गिरो म्हणाली. "बघणार नव्हते. शेजारणीकडे जाऊन बसणार होते, तिच्याकडे टीव्ही बिघडलाय म्हणून. पण सतरावा आला तेव्हा घरातच होते. चांगली बसलीस. खांदा माझ्यापेक्षा बरा. वळणावर मात्र डोळे मिटलेस."

"मी?"

"मोजले मी. सहा आकडे होईपर्यंत. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल, कॅमेरा लांब होता. मला तेवढ्यात वाटलं, रडतेय की काय ही. मग म्हटलं, नाही, घाबरली असेल. खरं काय?"

मेरोपीने चमचा बशीत ठेवला. "मला वाटलं, दिवे गेले," ती म्हणाली.

आर्गिरोने तिच्याकडे पाहिलं. हसली नाही. "डॉक्टरकडे जायचंय उद्या," ती म्हणाली. "मोठ्या इस्पितळात."

"मी येऊ?"

"नको." मग, उठता उठता, "मुरांबा संपव. उरलेला फेकावा लागतो."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मेरोपी दांडी धरून उभी होती आणि तिच्या कानात ते मोजणं चाललं होतं. एक, दोन, तीन. अंधाऱ्या खोलीत एकटी बसून एक बाई टीव्हीकडे बघत मेरोपीचे डोळे किती वेळ मिटलेत ते मोजते आहे. एवढं बारकाईने आपल्याकडे कोणी कधी पाहिलं असेल, ते तिला आठवेना. थ्रासोसनेही नाही. तिने स्वतःही फक्त एकदाच कोणाकडे असं पाहिलं होतं, या उन्हाळ्यात, आणि ते कशासाठी पाहिलं ते तिला माहीत होतं. किप्सेलीत उतरल्यावर ती चार जिने न थांबता चढली. दीड वाजला होता, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. टोपी न काढता तिने नंबर फिरवला.

"आई? काय झालं? आज बुधवार."

"घागरवाली मी नव्हते," मेरोपी म्हणाली.

पलीकडे काहीतरी उकळत होतं, झाकण वाजत होतं. "म्हणजे?"

"मी बसलेली होते. तुला सांगितलं होतं ना, बसलेली. सतराव्यावर. उभ्या माणसाच्या हातात हात दिलेली."

आन्थीने गॅस बंद केला असावा. झाकणाचा आवाज थांबला. "थांब," ती म्हणाली. "थडग्यासारखं काहीतरी होतं ते? त्या वेळी... आई, त्या वेळी मी उठले होते. शेजाऱ्यांसाठी चहा ठेवायला. तू दिसून गेलीस असंच वाटत होतं ना आम्हाला." मग खूप हळू, "मग मी पाहिलंच नाही तुला. कोणीच पाहिलं नाही?"

"पाहिलं एकीने."

"कोणी?"

"आर्गिरो म्हणून एक बाई आहे. ती जागा तिची होती. मी राखीव होते, आन्थी. एप्रिलपासून राखीवच होते. तुला सांगितलं नाही. मग जूनमध्ये तिचा हात हलताना मला दिसला." आपला आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा येत नाहीये, हे तिला ऐकू येत होतं. तो घोगरा होता आणि मधे मधे तुटत होता. "ते सगळं सांगायचंय. चांगलं नाहीये ते. मी चांगलं केलेलं नाही. वेळ लागेल."

मेरोपी वाट बघत राहिली. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्या खुर्चीवर कोणीतरी बसल्याचा.